त्रेचाळीस सालच्या वहीतले पान

वंशावळीचा तक्ता पुरा होण्यास केवळ एक रकाना उरला होता, आणि तो कोरा ठेवला असता तरी कोणी हरकत घेतली नसती. परंतु धाकटी ही पेशाने परिचारिका. रुग्णाच्या पलंगाशी टांगलेल्या कागदावर एखादा रकाना रिकामा दिसला की तिला घास गोड लागत नसे. तेव्हा मंगळवारी दुपारी, रजेच्या तिसऱ्या दिवशी, ती पुन्हा एकवार सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरातील दप्तरखान्यात जाऊन बसली आणि पहिल्या आजीच्या मृत्यूची तारीख शोधू लागली.

घरात सर्वांच्या तोंडी असे होते की पहिली आजी पंचेचाळीस साली तापाने गेली, त्या वेळी आत्या दीड वर्षाची होती, आणि वर्ष उलटल्यावर आजोबांनी दुसरे लग्न केले. दुसऱ्या आजीला दोन मुलगे झाले. त्यांपैकी एक काका, आणि दुसरे धाकटीचे व तिच्या भावाचे, थोरल्याचे, वडील, जे आता हयात नाहीत. एवढा इतिहास त्या घरातल्या मांजरालाही पाठ होता. धाकटीने पंचेचाळीस सालची मृत्यूची नोंदवही मागवली आणि ओळ न् ओळ वाचली. नाव नाही. चव्वेचाळीसची पाहिली, सेहेचाळीसची पाहिली. तेथेही नाही. साडेतीनच्या सुमारास, टेबलावर आलीच आहे तर पाहून टाकू म्हणून, तिने त्रेचाळीस सालची वही उघडली. आणि जुलै महिन्याच्या एका पानावर, डाव्या अंगाला, ते नाव होते. वय बावीस. नवऱ्याचा धंदा, पुस्तकबांधणी. गावात त्या काळी पुस्तके बांधणारा इसम एकच होता.

प्रथम तिला आनंद झाला. तो जेमतेम एक श्वासभर टिकला. मग तिने बोटांवर हिशेब केला. आत्याचा जन्म चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीतला. ती नोंद तिने मागल्याच आठवड्यात स्वतः पाहिली होती; तीत त्या काळच्या रीतीप्रमाणे बापाचेच नाव होते, आईचा रकानाच नव्हता. जी बाई त्रेचाळीसच्या जुलैत गेली, तिला पुढील फेब्रुवारीत मूल कसे व्हावे? बाळंतिणींच्या वॉर्डात अकरा वर्षे काढलेल्या धाकटीला हा हिशेब दुसऱ्यांदा करण्याची गरज नव्हती. तरीही तिने तो चार वेळा केला. दुसरी आजी तर सेहेचाळीस साली घरात आली. मग मधल्या काळात जन्मलेली आत्या कोणाची?

तिने तारीख एका चिठ्ठीवर उतरवली, चिठ्ठी चष्म्याच्या डबीत घातली आणि वह्या परत केल्या. ग्रंथपाल बाईंनी सहज विचारले, सापडले का काही. धाकटी म्हणाली, अजून नाही. त्यावर बाईंनी आठवण दिली की गुरुवारी वह्यांची छायाचित्रे काढणारी माणसे येणार, त्यानंतर मूळ वह्या पेट्यांत बंद होणार, आणि ज्या क्रमाने पाने आहेत तोच क्रम कायमचा ठरणार. तेव्हा काय पाहायचे ते बुधवारपर्यंत पाहून घ्यावे. शिवाय वंशावळीचा तक्ता आजोबांच्या कामाच्या रविवारच्या प्रदर्शनात दर्शनी भिंतीवर लागायचा होता, तोही वेळेत हवा. धाकटीने मान डोलावली. जिन्याच्या पायऱ्या चढताना तिच्या ध्यानात आले की डबी पिशवीत न टाकता आपण मुठीतच धरली आहे.

ही गोष्ट तिने फक्त वहिनीला सांगितली, आणि कोणाला बोलू नकोस म्हणून तिचा हात घट्ट धरला. वहिनीने ते वचन आपल्या परीने पाळले. तिने केवळ आपल्या नवऱ्याला, म्हणजे थोरल्याला सांगितले. आणि नवरा हा काही ‘कोणी’ या सदरात मोडत नाही, असे तिचे प्रामाणिक मत होते. थोरल्याने केवळ काकांना फोन केला. काकांनी कोणालाही सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे आणखी कोणी उरलेच नव्हते. आत्या तेवढी राहिली.

वहिनीच्या जिवाला लागलेली टोचणी निराळी होती, ती येथे सांगणे प्राप्त आहे. सव्वीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा आत्यानेच तिला जुजबंदी शिकवली, म्हणजे पानांचे एकेक जुज घेऊन ते पाठीशी दोऱ्याने कसे शिवत जायचे ते. आत्या डाव्या हाताने शिवत असे. एक्याऐंशीव्या वर्षीही सुईत दोरा ओवायला ती कोणाला हाक मारीत नसे. दुसरी आजी शेजारच्या गल्लीतली. तिने पहिलीला पाहिले होते, आणि पोर शिवायला बसली की ती म्हणे, आईचाच हात घेऊन आलीस. आत्याजवळ आईचे ना छायाचित्र होते, ना लुगडे, ना भांडे. तो एक डावा हात होता. तिने लग्न केले नाही. कोणी कारण विचारले तर, माझं शिवण अर्धवट आहे, असे सांगून हसत असे. आणि तक्ता काढायचे ठरले तेव्हा तिने धाकटीला बजावले होते, “माझं नाव तिच्या खाली घाल हं. वरनं खाली रेघ नीट ओढ, वाकडी नको.”

आता ती रेघ कोठून ओढायची? वहिनी मंगळवारी संध्याकाळी पोळ्या लाटीत होती आणि शेजारच्या खोलीतून आत्याचा दोरा पानांतून ओढला जाण्याचा सळसळ आवाज येत होता. तो आवाज थांबला की तिला वाटे, कळले. पुन्हा सुरू झाला की वाटे, अजून नाही.

बुधवारी दुपारी काका आले. न्यायालयात चाळीस वर्षे कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. घरात त्यांना वकील म्हणत, आणि ते या नावाला हरकत घेत नसत. बैठक कारखान्यामागच्या खोलीत भरली. कारखाना म्हणजे दोन दाबयंत्रे, एक कातर, खळीचे पातेले आणि छताला भिडलेली ग्रंथालयाची पुस्तके. आत्याला त्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचे ठरले होते. ती तयारही झाली होती, चपलाही घातल्या होत्या.

काकांनी सुरुवातीलाच सांगून टाकले की आपण भावनेच्या आहारी न जाता कागदाकडे पाहिले पाहिजे. कागद म्हणतो त्रेचाळीस. तेव्हा तो खोटा म्हणता येत नाही. परंतु कागद आपल्याला कोणी दाखवायला सांगितलेले नाही. तक्त्यात तारखेची जागा कोरी ठेवावी, रेघ जशी आहे तशी ओढावी, आणि वही गुरुवारी पेटीत जाऊ द्यावी. वहिनीने विचारले, पुढेमागे कोणी ती वही उघडली तर? काका म्हणाले, ऐंशी वर्षांत कोणी उघडली नाही.

“आम्ही उघडली की,” धाकटी म्हणाली.

“तुला रजेत दुसरं काही सुचलं नाही, हा काय वहीचा दोष?”

धाकटीला रडू आले, आणि ते राग म्हणून बाहेर पडले. तिने काकांना स्पष्ट विचारले की त्यांना काय वाटते, आत्या कोणाची? काकांनी चष्मा काढून पुसला. त्या पुसण्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला समजला, आणि वहिनीला तो सर्वांत अधिक झोंबला. ती म्हणाली की आजेसासूबाई, म्हणजे दुसरी आजी, स्वतः सांगत असत, आईचाच हात. काका म्हणाले, लेकराला बरे वाटावे म्हणून माणूस काहीही सांगतो.

मग थोरला पुढे सरकला. आजोबांनंतर वडील आणि वडिलांनंतर तो, असा ग्रंथालयाच्या पुस्तकबांधणीचा मान त्याच्याकडे आला होता. बोलण्यापूर्वी हाताचे तळवे पँटला पुसण्याची त्याला सवय होती. खळ लागलेली नसली तरी तो ते पुशीत असे. तो म्हणाला, “मी सकाळी जाऊन आलो. पान बघितलं.”

“नाव वाचलंस?” धाकटीने विचारले.

“मी काही वाचलंच नाही. कागद बघितला.”

मग त्याने जे सांगितले ते असे. त्रेचाळीसच्या वहीला फार जुनी कसर लागली होती. किड्याने पहिल्या पानापासून आत जात ऑगस्टपर्यंत खालच्या कोपऱ्यात तिळाएवढे भोक पाडले होते. प्रत्येक पानाला ते भोक आहे, एकाखाली एक, सुई आरपार जाईल असे. फक्त त्या एका पानाला नाही. त्या पानाला वरच्या बाजूला दोन भोके आहेत, जी मागच्यापुढच्या एकाही पानाला नाहीत. मग त्याने पंचेचाळीसची वही काढली. तिथे वरच्या बाजूला दोन भोके, जवळजवळ, जुलैपर्यंत आणि जुलैच्या पुढेही. “किडा उडी मारून जात नाही,” थोरला म्हणाला. “ते पान पंचेचाळीसचं आहे. चुकीच्या वहीत बसलंय.”

मग धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले आणि वहिनीने भिंतीला पाठ टेकली. त्या पानावर सालच नव्हते, दिवस आणि महिना तेवढा होता. साल फक्त पुठ्ठ्यावर. हे धाकटीने स्वतः पाहिले होते, पण पुठ्ठा खोटे सांगेल हे तिच्या मनात आले नव्हते.

तेवढ्यात दार उघडले. आत्या चपला घालून, हातात अर्धे शिवलेले पुस्तक घेऊन उभी होती. सुई दोऱ्याला लोंबत होती.

“माझ्याबद्दलच बोलताय, तर एक खुर्ची तरी द्या,” ती म्हणाली.

तिला सर्व सांगितले गेले. कोणी सांगितले हे नंतर कोणालाच नीट आठवेना, कारण तिघे एकदम बोलत होते. आत्या ऐकत राहिली. त्रेचाळीस हा आकडा आला तेव्हा तिने पुस्तक मांडीवर ठेवले. कसरीच्या भोकांपर्यंत गोष्ट आली तेव्हा तिने ते पुन्हा हातात घेतले. शेवटी तिने एवढेच विचारले की म्हणजे मी तिचीच ना. थोरला म्हणाला, तिचीच. आत्याने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून वहिनीची नजर हटत नव्हती. गेल्या चोवीस तासांत पहिल्यांदा वहिनीला भूक लागल्याची जाणीव झाली.

परंतु संकट टळले असे वाटते तेथेच ते कित्येकदा कूस बदलते. काका खुर्चीतून उठले होते.

“थांबा. त्या वह्या बांधल्या कोणी?”

हा प्रश्न विचारायचे कारण नव्हते, उत्तर सर्वांना ठाऊक होते. बावन्न साली तेव्हाच्या जुन्या दप्तरखान्याचे छप्पर गळले आणि सत्तेचाळीस नोंदवह्या भिजून सुट्या झाल्या. कडेचे अनुक्रमांक धुऊन गेले. पानांचा तो चिखल आजोबांनी घरी आणला, दोऱ्यांवर वाळवला आणि तीन वर्षे खपून पुन्हा बांधून दिला. गावात आजही सांगत की त्या माणसाने एक पान इकडचे तिकडे होऊ दिले नाही. ग्रंथालयात त्यांचे छायाचित्र आहे, हातात उघडे पुस्तक, नजर पानावर. येत्या रविवारी ग्रंथदुरुस्तीच्या खोलीला त्यांचे नाव दिले जायचे होते. पाटी रंगवून तयार होती, आणि भाषण काकांचे होते.

“त्यांनी चुकीच्या वहीत पान बांधलं, असं तू उद्या सांगणार?” काका थोरल्याला म्हणाले. “प्रत्येक ओळ वाचणारा माणूस. स्वतःच्या बायकोचं नाव वाचून दुसऱ्याच वर्षात घातलं? कोण विश्वास ठेवेल?”

“बाबांना वाचता येत नव्हतं,” आत्या म्हणाली.

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की काका आपले वाक्य पुढे चालवू लागले होते आणि मध्येच थबकले.

“आकडे यायचे. अक्षरं नाही. पुठ्ठ्यावरचं नाव समोर चिठ्ठी ठेवून चित्रासारखं उतरवायचे. पानं डागावरनं लावायचे, फाटलेल्या कडेला कड जुळवून. मला माहीत होतं, आईला माहीत होतं.” दुसऱ्या आजीला ती आईच म्हणत असे. “तुम्हा मुलांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. तू शाळेत पहिला यायचास. तुझी मान खाली जाईल म्हणायचे.”

काका खाली बसले. पंचाहत्तर वर्षांच्या त्या गृहस्थाकडे थोरल्याला पाहवेना. काकांनी आयुष्यभर लोकांना सांगितले होते की आपले वडील रात्रंदिवस वाचीत. त्यांच्या भाषणाचे पहिलेच वाक्य तसे होते.

येथून पुढे जो तो आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला. आतापर्यंत सत्य दडपावे असे केवळ काकांचे मत होते. आता आत्या त्यांच्या बाजूला गेली. कारखान्यावर माडी चढवायची की नाही यावरून या बहीणभावांत चाळीस वर्षांपूर्वी तेढ पडली होती, ती आज अर्ध्या घटकेत मिटली. आत्या म्हणाली की तिला कळले, घरातल्या चौघांना कळले, तेवढे पुरे. गावाला सांगून काय मिळवायचे? पाने वाचता न येणाऱ्याने लावली असे एकदा बाहेर आले की सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वह्या उकलून पाहतील, पाटी फडक्यात गुंडाळून ठेवतील, आणि त्या छायाचित्रासमोर उभे राहून लोक हसतील.

“आणि तुमचं काय, आत्या?” वहिनीने विचारले. “वहीत मग तुम्ही कोणाच्याच नाही.”

“वहीत नसेन. मला आता कुठे शाळेत नाव घालायचंय?”

थोरला म्हणाला की प्रश्न तेवढाच नाही. गुरुवारी सकाळी त्याला एका पत्रावर सही करायची आहे, की सर्व पाने आपण तपासली आणि क्रम बरोबर आहे. त्याशिवाय छायाचित्रे काढायला सुरुवात होणार नाही. तो खोटी सही करणार कशी? काका म्हणाले, चूक दिसणार कोणाला, कसरीला? आणि स्वतःच्या विनोदाला हसले नाहीत. धाकटी भावाच्या बाजूने बोलू लागली तेव्हा आत्याने तिला हाताने थांबवले.

“हे घर त्यांच्या नावावर चालतं, बाळ. माझ्या नाही.”

बैठक मोडली. कोणी कोणाला काही कबूल केले नव्हते. सायंकाळी थोरल्याने एकच पाठ तीनदा खळीने चिकटवली आणि तीनदा सोडवली.

गुरुवारी सकाळी थोरला निघाला तेव्हा काका कोपऱ्यावर उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. आत्या त्याच्या मागोमाग घरातून बाहेर पडली. आम्ही नुसते बसणार आहोत, असे काकांनी सांगितले. धाकटी ड्यूटीवर परत गेली होती. वाटेत तिने थोरल्याला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा, काही नाही, सहज, असे म्हणून ठेवला.

दप्तरखान्यात दिव्यांचे स्टँड उभे करणे चालू होते. ग्रंथपाल बाईंची रात्र बहुधा जागरणात गेली असावी. त्या एका हाताने यादीवर खुणा करीत होत्या आणि दुसऱ्याने चहाचा कप शोधीत होत्या, जो रस्त्याच्या पातळीवर उघडणाऱ्या खिडकीत होता. त्यांनी पत्र टेबलावर ठेवले. चार ओळी होत्या. शेवटी थोरल्याचे नाव, त्याच्याखाली मोकळी जागा.

थोरल्याने पेन उचलले. त्याच्या उजव्या बाजूला आत्या, डाव्या बाजूला काका. आजवर त्याने किती वह्यांच्या शेवटी तपासले म्हणून आपली खूण केली असेल याची गणती नव्हती, आणि प्रत्येक वेळी हात आपोआप चालला होता. आज त्याला आपले बोट, पेन आणि कागद या तीन वेगवेगळ्या वस्तू असल्यासारखे वाटले. त्याला आजोबांची पाटी आठवली, निळ्यावर पांढरी अक्षरे. आत्याची रेघ आठवली. क्रम बरोबर आहे. त्याने पेन खाली ठेवले.

“बाई, एक पान इकडचं तिकडे आहे.”

आत्याचा हात त्याच्या बाहीवर आला, घट्ट. पण शब्द निघून गेले होते. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी यादी बाजूला सारली आणि हळू आवाजात विचारले की कोणत्या वहीतले, आणि किती दिवसांपासून ठाऊक आहे. थोरल्याने सर्व सांगितले, भोकांपासून. वह्या कोणी बांधल्या हे बाईंनी विचारले नाही. त्या रविवारच्या कार्यक्रमाच्या आमंत्रणपत्रिका त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर होत्या.

“दाखवा,” बाई म्हणाल्या.

त्याने दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी थोरल्याच्या ध्यानात आली नव्हती, कारण त्याने कागद पाहिला होता आणि अक्षरे पाहिली नव्हती. या नोंदवह्यांत एक ओळ दोन पानांवर पसरलेली असे. डावीकडे नाव, वय, धंदा, तारीख. समोरच्या पानावर मृत्यूचे कारण, खबर देणाऱ्याचे मृताशी नाते, आणि त्याची सही अथवा अंगठा. त्रेचाळीसच्या वहीत त्या पानासमोर भलतेच पान होते. धाकटीने वाचलेला उजवा भाग दुसऱ्याच कोणाचा होता. आजीच्या ओळीचा खरा उरलेला अर्धा भाग पंचेचाळीसच्या वहीत, आपल्या जागी, इतकी वर्षे एकटा बसून होता.

थोरल्याने ते पान पट्टी न सोडवता अलगद उचलून धरले आणि पंचेचाळीसच्या वहीतल्या पानाला लावले. ओळीला ओळ मिळाली. नाव, वय बावीस, आणि समोर: ताप. खबर देणारा, नवरा. त्याच्यापुढे शाईत उठलेला अंगठा, आणि अंगठ्याच्या मधोमध आडवी पांढरी रेघ.

आत्या वाकली. तिने चष्मा वर केला आणि कागदाच्या अगदी जवळ गेली.

“हा बाबांचा अंगठा,” ती म्हणाली. “रापी लागली होती. चामडं तासायला शिकत होते तेव्हा.”

काका खिडकीपासून इकडे आले. त्यांनी वडिलांचा अंगठा पाहिला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो निरक्षर माणसांचे अंगठे कागदावर घेतले होते, बोट शाईवर दाबून धरायचे आणि पुढचा नंबर पुकारायचा.

थोरला मात्र दुसरीकडेच पाहत होता. पान वहीला ज्या पट्टीने जोडले होते ती पट्टी त्याने नखाने तपासली. तो म्हणाला की सत्तेचाळीसही वह्यांना ग्रंथालयाने दिलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या आहेत. ही एकच निळी. घरातल्या गुंडाळायच्या कागदाची. हे पान वहीबरोबर शिवलेले नाही, मागाहून कधीतरी चिकटवले आहे.

“म्हणजे?” बाईंनी विचारले.

“त्यांना अक्षर येत नव्हतं,” थोरला म्हणाला, आणि ते बाहेरच्या माणसासमोर उच्चारताना त्याने तळवे पँटला पुसले. “पण स्वतःचा अंगठा कोण ओळखणार नाही? पानं लावताना तो दिसला असेल. त्याच्या बरोबरीचं पान, ज्याच्यावर नाव असणार ते, काढून ठेवलं असेल. किती दिवस, कोण जाणे. मग सरकारी कागद घरात ठेवू नये म्हणून परत लावलं. तोवर पंचेचाळीसची वही गेलेली असणार. हाताशी होती तीत लावलं.”

“असेल म्हणतोस,” काका म्हणाले.

“असेलच म्हणतोय. आता विचारायचं कोणाला?”

आत्या खुर्चीत बसली. मग ती काकांना म्हणाली, आणि तिच्या आवाजात तक्रार नव्हती, “सरकारी वहीत उघड अंगठा दिलाय रे त्यांनी. कारकुनासमोर. लपवत आपण होतो.”

ग्रंथपाल बाईंनी आपले कर्तव्य केले, आणि ते सोपे नव्हते. छायाचित्रे काढणाऱ्या माणसांना त्यांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितले. बाकीच्या सर्व वह्याही तपासाव्या लागतील, असे त्या थोरल्याला म्हणाल्या. तो म्हणाला, लागतीलच. पाटीचे काय, ते समिती ठरवील. त्यांना स्वतःला काही सांगता येत नाही. शेवटी त्यांनी एक छापील अर्ज काढला. पान एका वहीतून दुसऱ्या वहीत हलवायचे तर मृताच्या वारसाचा अर्ज लागतो, आणि एका साक्षीदाराची सही.

साक्षीदार म्हणून बाईंनी काकांकडे पाहिले. काकांनी बराच वेळ पेन शोधले. विजारीचे दोन्ही खिसे चाचपले, पेन शर्टाच्या वरच्या खिशात होते. मग, वरचे सर्व रकाने अजून रिकामे असताना, त्यांनी खाली सही केली. कोऱ्या कागदावर सही करू नये असे ज्याने लोकांना जन्मभर बजावले, त्याने ती केली आणि अर्ज बहिणीपुढे सरकवला.

आत्याने आपले नाव लिहिले. वय लिहिले. तिसऱ्या रकान्यापाशी ती थांबली, तेव्हा बाई म्हणाल्या की मृताशी असलेले नाते अजून सिद्ध व्हायचे असेल तर ती जागा तूर्त मोकळी सोडली तरी चालते, नंतर भरता येते.

“नको,” आत्या म्हणाली. “आत्ताच भरते.”

आणि तिने, एका अक्षराला दुसरे अक्षर नीट भिडवीत, लिहिले: मुलगी.